‘जात’ खोडून दिलेला कागद

यंदाच्या उन्हाळ्यात मी दोन महिने धोरण शिकलो. आरोग्याचं धोरण. लोअर परळला, सातव्या मजल्यावर, काचेच्या गारढोण हापिसात. पगार शून्य. इंटर्नशिप म्हणतात त्याला. आपल्या आज्याच्या वेळी वेठबिगार म्हणायचे, फक्त तेव्हा शेवटी सर्टिफिकेट देत नव्हते.

दोन महिने फुकट राबायची ऐपत कुणाच्या पोरांची असते? माझ्या बाजूच्या टेबलावरची पोरं बापाच्या मोटारीतून उतरायची. मी रात्री कुरिअरच्या गोदामात पार्सलं निवडून, सकाळी लोकलमध्ये उभ्यानं झोपत यायचो. पोरं तशी वाईट नव्हती. एकीनं डबाही वाटून खाल्ला. पण उद्या मंत्रालयात आरोग्याची फाईल लिहिणार तीच, कारण उन्हाळा फुकट घालवणं त्यांनाच परवडतं.

माझा बाप पालिकेत झाडूवाला. पहाटे चौकीवर हजेरी, मुकादमाची शिवी, मग कचरा. लाड-पागे समितीच्या शिफारशीनं बापाचा झाडू वारसाहक्कानं मला मिळू शकतो. या देशात आपल्याला वारसाहक्कानं मिळणारं सरकारी काम हे असं. मी हापिसात चाललो तेव्हा बाप खोकत खोकत म्हणाला, “जा बाबा, तिथं आमचं पण काय तरी लिही.”

आणि काम नेमकं तेच आलं! सफाई कामगारांच्या आरोग्यावर टिपण. पावसाळी अधिवेशनाआधी आमदारांच्या हातात द्यायचं.

मी जीव तोडून लिहिलं. लिहिलं की २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला उचलायला बंदी आहे, पण त्याच कायद्यात ‘धोकादायक सफाई’ नावाचा वेगळा कप्पा आहे. गटारात गुदमरून मेलेला माणूस त्या कप्प्यात टाकला, की मैला वाहताना कुणीच मेलं नाही असं सांगायला सरकार मोकळं. २०२१ च्या जुलैत राज्यसभेत तसंच सांगितलं गेलं. हाताने मैला उचलताना मृत्यू झाल्याची नोंद नाही! सांगणारे कोण? सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले. पँथरच्या चळवळीतून वर गेलेला माणूस. आमच्या वस्तीत अजून काही भिंतींवर त्यांचं जुनं नाव पुसट दिसतं. हे सगळं मी टिपणात घातलं. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारातल्या मरणाला १० लाख ठरवले, २०२३ साली ३० लाख केले, तेही घातलं. जे मरण नोंदलंच जात नाही त्याचे पैसे कुठल्या खिडकीवर मागायचे, असं विचारलं.

मॅडमनी लाल पेन काढलं. ‘जात’ हा शब्द अकरा ठिकाणी होता, अकराही ठिकाणी खोडला. वर लिहिलं, ‘सामाजिक-आर्थिक घटक’. मंत्र्याचं नाव उडवलं. “आपल्याला त्यांच्याच दारात जायचंय ना रे,” म्हणाल्या. आवाज अगदी गोड.

मी म्हटलं, मॅडम, गटारात उतरणारा ब्राह्मण दाखवा, मी शब्द काढतो.

“डेटा आहे का?”

होता. २०२२ साली छापून आलेला अभ्यास. नऊ राज्यांत दलितांचं आयुर्मान वरच्या जातीच्या हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून जास्त कमी, आणि गरिबीचा हिशेब धरला तरी निम्मंसुद्धा अंतर उलगडत नाही. म्हंजे पोट भरलं तरी जात मारतेच. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “यात महाराष्ट्र नाही.” खरंच नाही. मग महाराष्ट्राचा आकडा कोण काढणार? काढायचा असतो तो असल्याच हापिसांनी, आणि तिथं तो शब्दच चालत नाही.

शेवटी टिपणात उरलं काय? हातमोजे, गमबूट, जनजागृती, कामगारांनी आरोग्यदायी सवयी लावून घ्याव्यात. सवयी! साल्यांनो, माझ्या बापाला सवय आहे तुमचा कचरा उचलायची. ती सोडवा.

शेवटच्या दिवशी केक कापला, फोटो काढले. मी सर्टिफिकेट घेतलं. खोटं कशाला बोलू, फाडलं नाही. पुढच्या अर्जाला लागेल.

पण माझं पहिलं टिपण, न खोडलेलं, माझ्याकडं आहे. त्याच्या झेरॉक्स काढल्यात. त्यात महाराष्ट्राचं पान कोरं आहे, ते आपणच भरू. तुमच्या वस्तीतलं, नात्यातलं कुणी गटारात, टाकीत गेलं असेल तर नाव, तारीख, ठेकेदार कोण, पंचनामा झाला का, पैसे मिळाले का, एवढं लिहून आणा. कागद नसला तरी या. मयताच्या बायकोला विचारा, तिला तारीख पाठ असते. या रविवारी, दुपारी चारला, आमच्या चौकीमागच्या बुद्धविहारात. बाप पण येणार आहे.