हात गावात, काम गावात. मग अडते कुठे?

शेतकरी बंधूंनो, महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही वाडीत जा, दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. घरमालक म्हणतो, "गवंडी वेळेवर मिळत नाही, वायरमन फिरकत नाही, प्लंबर तर औषधालाही नाही." आणि त्याच वाडीतला, हातात कसब असलेला पोरगा म्हणतो, "इथे काम कुठे आहे? मुंबईच गाठायला हवी." दोघेही खरेच बोलतात. काम आहे, हातही आहेत. पण या हातांची त्या घराला खबर नाही. ही खबर पोचवणे म्हणजेच जाहिरात. तिला फार पैसा लागतो, हा समज आपण आता सोडला पाहिजे.

पूर्वी जाहिरातीची गरजच नव्हती. सुतार, लोहार, कुंभार गावाशी बांधलेले. गावाने काम सांगायचे, त्यांनी करायचे आणि सुगीला खळ्यावर बलुते घ्यायचे. बलुते गेले, पण सवय राहिली. आपला कारागीर अजूनही ओटीवर बसून बोलावण्याची वाट बघतो आहे. तोवर गिऱ्हाईक मात्र गाव सोडून गेले.

गिऱ्हाईक मुंबईत, घर वाडीत

आपल्याकडच्या कित्येक घरांना वर्षातले दहा-अकरा महिने कुलूप असते. मालक मुंबई, ठाणे, पुणे नाहीतर सुरतेला. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढीच त्याची फेरी. इकडे पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आगोटीला एक कौल सरकले तर गणपतीपर्यंत रीप कुजते, वासा खचतो. शंभर-दोनशे रुपयांचे काम हजारांवर जाते. घर वाचवायचे तर ते बघणारा माणूस गावातच हवा. त्या माणसाने मुंबईतल्या मालकापर्यंत कसे पोचायचे, हाच खरा प्रश्न.

मोठ्या शहरांत हा प्रश्न कंपन्यांनी सोडवला. २०१४ साली 'अर्बनक्लॅप' या नावाने निघालेली आजची अर्बन कंपनी मोबाइलवरून घरी कारागीर पाठवते आणि त्याच्या कमाईतला आपला वाटा घेते. तिने नवीन काय विकले? नळ दुरुस्त करणे काही नवीन नाही. कारागिराचे नाव आधी कळते, फोटो दिसतो, दर ठरलेला असतो. म्हणजे विकला तो भरवसा. तो तर आपल्या गावात ओळखीपाळखीने पिढ्यान्‌पिढ्या आहेच. तो कागदावर आणि मोबाइलवर आणायचा, एवढेच बाकी आहे.

नांगराची खबर

आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत. माल चांगला होता, पण विश्वास नव्हता. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे छोटे पत्र काढले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेणे हा त्याचा हेतू. पण लोकांना वाचावेसे वाटेल असा मजकूर त्यात असे. म्हणून ते टिकले आणि पुढे नामांकित मासिक झाले. यातला धडा सोपा आहे. नुसते "माझ्याकडे या" म्हटले तर कोणी ऐकत नाही. लोकांच्या उपयोगाचे काही हातात दिले, तर ते जपून ठेवतात आणि देणाऱ्याचे नावही लक्षात ठेवतात.

मग आपण काय करावे?

पहिले, पावसाळ्याचे एकपानी पत्रक काढा. शाकारणी कधी करावी, पन्हळ कधी साफ करावी, पुराचे पाणी चढू लागले की मेन स्विच आधी बंद करावा, पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय तो चालू करू नये, असे साध्या भाषेत लिहा. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि वीज तक्रारीचा १९१२ हे क्रमांक द्या. सर्वांत खाली तुमचे नाव, काम आणि नंबर. झेरॉक्सला किती पैसे पडणार? २२ जुलै २०२१ चा पूर महाडकर विसरलेले नाहीत. असे पत्रक इथे कोणी रद्दीत टाकणार नाही.

दुसरे, केलेल्या कामावर नाव सोडा. मोटार भरली, वायरिंग केले, टाकी बसवली की मीटरच्या फळीच्या आत छोटी चिठ्ठी लावा: काम काय, तारीख कोणती, करणारा कोण, नंबर काय. मालकाची परवानगी घ्या म्हणजे झाले. पंप बिघडल्यावर माणूस पेपरातली जाहिरात शोधत नाही. समोर ज्याचा नंबर दिसतो त्याला फोन लावतो. मात्र एसटी स्टँड, पूल, झाडे यांवर पाट्या ठोकू नका. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे, आणि लोकांच्या नजरेतूनही उतराल ते वेगळेच.

तिसरे, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला धरा. बहुतेक मंडळांचा व्हॉट्सअ‍ॅप गट असतो. मे महिन्यात एक संदेश टाका: "छपराची पाहणी फुकट, फोटो पाठवतो, काम करायचे की नाही ते तुम्ही ठरवा." कुलूप उघडायचे असेल तर मालकाला विचारून, शेजाऱ्यासमोर उघडा. काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो पाठवा. गावाकडचे घर कोरडे आहे हे ज्याला डोंबिवलीत बसून दिसले, तो आपणहून दहा भाऊबंदांना सांगेल.

चौथे, एकेकटे फिरू नका. गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन आणि रंगारी यांनी मिळून एकच कार्ड छापा. खर्च पाच जणांत वाटला जातो आणि मालकालाही एकाच फोनवर सगळे मिळते. गणपतीआधी घर झाडून-पुसून देण्याचे काम बचतगटातल्या भगिनींनी त्याच कार्डावर घ्यावे. दर आधी सांगा, दिलेली तारीख पाळा. वायरिंगचे काम परवानाधारकानेच करावे. एक वायदा मोडला की पन्नास कार्डे फुकट गेली म्हणून समजा.

सरपंच आणि अधिकाऱ्यांना विनंती

ग्रामपंचायतीच्या फलकावर गावातल्या सर्व कारागिरांची यादी लावायला काय हरकत आहे? नाव, काम, नंबर. शिफारस कोणाचीच नको, म्हणजे वशिल्याचा आरोपही नको. दर वर्षी एकदा ती ग्रामसभेत वाचून दुरुस्त करावी. जलजीवन मिशनचा नळ दारात आला, पण तोटी गळू लागली तर कोणाला बोलवायचे, हे त्या यादीने तरी कळेल.

आणखी एक. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत गवंडी, सुतार, लोहार असे १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज अशी तिची रचना. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडून होते. म्हणजे सरपंचांच्या टेबलावर अर्ज पडून राहिला तर तो पुढे सरकणारच नाही. कोण कोणत्या गटाचा हे बघत बसू नका. हात बघा, कसब बघा.

मंडळी, आपली शेती बहुतेक एका भाताची. झोडणी झाली की तरुण एसटीची वाट धरतो. सगळ्यांनाच गावात रोखता येणार नाही, हे कबूल. पण बंद घरांच्या देखभालीवर प्रत्येक वाडीतली दोन-चार पोरे जरी गावात टिकली, तरी घरे उभी राहतील, आणि पावसाळ्याच्या रात्री हाक मारली तर ओ द्यायला तरणा माणूस जवळ असेल. त्याची सुरुवात एका पानाच्या पत्रकाने होऊ शकते. आगोटीपूर्वी करून तर बघा!