पुढची गाडी गेली, म्हणून आपलीही जाईल? पुराच्या पाण्यात लोक गाडी का घालतात?

१२ जुलै २०२२. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात पुलावरून पुराचं पाणी वाहत होतं. तरीही एका चालकाने स्कॉर्पिओ पुढे नेली आणि ती प्रवाशांसह वाहून गेली. काठावरच्या लोकांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ व्हायरल झाला. त्यानंतरही दर पावसाळ्यात असे व्हिडिओ येतच आहेत.

पाण्याची ताकद किती असते?
वेगाने वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी धडधाकट माणसालाही पाडू शकतं. ३० सेंटीमीटर पाण्यात छोटी कार तरंगू लागते. ६० सेंटीमीटर पाणी एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकतं. शिवाय पूल खचलाय का, हे गढूळ पाण्यात दिसत नाही.

मग लोक धोका का पत्करतात?
एक कारण म्हणजे आजूबाजूचे लोक. १९६८ मध्ये अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एक प्रयोग केला. खोलीत धूर सोडल्यावर एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन कळवलं. पण शेजारी मुद्दाम दोन निवांत माणसं बसवली, तेव्हा फक्त १० टक्के लोक उठले.

पुलावरही तेच होतं. काठावर लोक शांतपणे शूटिंग करत असतात, समोरून एखादा ट्रक पार होतो आणि आपल्याला वाटतं, एवढं काही नसेल. पण ट्रकचं वजन आपल्या गाडीला नसतं.

त्यामुळे पुलावरचा रस्ता दिसत नसेल, तर थांबा. तुमची गाडी थांबलेली पाहून मागचेही थांबण्याची शक्यता वाढते.