मोजपट्टी कुणाच्या हातात? फुकुशिमाच्या स्वयंसेवकांकडून शिकण्यासारखे

७ नोव्हेंबर २०२४ रोजी जपानमधल्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीतून एक छोटासा खडा बाहेर काढण्यात आला. मासे पकडायच्या गळासारखे लांब यंत्र आत सोडून तो उचलला होता आणि त्याचे वजन एक ग्रॅमही भरले नाही. वितळून थिजलेल्या अणुइंधनाचा हा पहिला नमुना. तीन भट्ट्यांमध्ये मिळून असा सुमारे ८८० टन ऐवज आजही पडून आहे असा अंदाज आहे. अपघात घडला मार्च २०११ मध्ये. म्हणजे पहिला खडा हाती यायलाच साडेतेरा वर्षे लागली.

भट्टीच्या आत काय घडले याचा तपास असा मुंगीच्या पावलाने चालला आहे. पण भट्टीच्या बाहेर, म्हणजे गावात, शेतात, शाळेच्या मैदानात काय पसरले, याचा तपास अपघातानंतर काही आठवड्यांतच सुरू झाला होता. सरकारी यंत्रणेसोबत, आणि अनेकदा तिच्या पुढे जाऊन, तो केला एकमेकांना कधी न भेटलेल्या, इंटरनेटवरून जोडल्या गेलेल्या स्वयंसेवकांनी.

त्याबद्दल आत्ता बोलायला कारण आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर झाले. खासगी कंपन्यांना वाट मोकळी करण्यासाठी अणुऊर्जा कायदा आणि अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा बदलण्याची घोषणाही त्याच भाषणात झाली. महाराष्ट्रात तारापूर आहे, जैतापूर प्रस्तावित आहे. अणुऊर्जा हवी की नको हा वाद होतच राहील. आमचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: काही बिघडलेच, तर मोजणार कोण आणि खरे सांगणार कोण?

वितळले होते, पण शब्दाला बंदी होती

११ मार्च २०११ रोजी दुपारी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यामागोमाग त्सुनामी आली. केंद्राचा वीजपुरवठा तुटला, तळघरातली जनरेटर पाण्यात गेली, इंधन थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. १, २ आणि ३ क्रमांकाच्या भट्ट्यांमधले इंधन वितळले. १२, १४ आणि १५ मार्चला स्फोट झाले.

१२ मार्चलाच अणुसुरक्षा संस्थेच्या एका प्रवक्त्याने पत्रकारांना सांगितले होते की इंधन वितळत असण्याची शक्यता आहे. त्यानंतर त्या प्रवक्त्यालाच बदलण्यात आले. 'टेप्को' या वीज कंपनीने भट्टीचे इंधन वितळल्याचे मान्य केले ते मे महिन्यात. आणि 'वितळणे' हा शब्द वापरू नका अशी सूचना त्या वेळच्या अध्यक्षांनी दिली होती, हे उघड झाले २०१६ मध्ये.

ज्यांना एखाद्या गोष्टीचे नाव घ्यायचा अधिकार असतो, त्यांच्याच हाती ती घडली की नाही हे ठरवायचाही अधिकार जातो. अत्याचाराची घटना 'किरकोळ भांडण' म्हणून नोंदवली गेल्याचे ज्यांनी पोलीस ठाण्यात पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

वर्तुळ आणि वारा

सरकारने केंद्राभोवती आधी ३, मग १० आणि १२ मार्चला २० किलोमीटरचे वर्तुळ आखून लोकांना हलवले. १५ मार्चला २० ते ३० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या लोकांना घरातच राहायला सांगितले. पण किरणोत्सारी कण वर्तुळ पाहून पसरत नाहीत. ते वाऱ्याबरोबर जातात आणि पाऊस किंवा बर्फ पडेल तिथे जमिनीवर उतरतात. त्या दिवसांत हा पट्टा वायव्येकडे गेला.

नामिए गावातले हजारो लोक समुद्रकाठ सोडून त्याच दिशेला, त्सुशिमा भागात जाऊन राहिले होते. सुरक्षित समजून ते नेमके कणांच्या वाटेत थांबले. वाऱ्याच्या दिशेने कण कुठे जातील याचा अंदाज देणारी 'स्पीडी' नावाची संगणक प्रणाली सरकारकडे होती. तिचे निष्कर्ष १४ मार्चला अमेरिकी सैन्याला मिळाले आणि जपानच्या जनतेला २३ मार्चला. गळती नेमकी किती होती हे ठाऊक नसल्याने अंदाज भरवशाचे नव्हते, असा खुलासा झाला. मात्र कोणत्या दिशेला जाऊ नये एवढे सांगायला तो अंदाज पुरला असता, असे नामिएच्या लोकांचे म्हणणे आहे. वायव्येलाच असलेले इताते गाव बहुतांश ३० किलोमीटरच्या बाहेर होते. तिथे किरणोत्सर्ग खूप जास्त असूनही गाव रिकामे करण्याचा निर्णय २२ एप्रिलला झाला.

डब्यातले यंत्र

अपघातानंतर आठवडाभरातच टोकियो आणि अमेरिकेतली काही मंडळी ऑनलाइन एकत्र आली. कुणी संगणकतज्ज्ञ, कुणी बँकेत काम करणारे, कुणी हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाले. सगळीकडचे विखुरलेले आकडे एका नकाशावर आणायचे, एवढाच सुरुवातीचा विचार होता. लवकरच कळले की आणायला पुरेसे आकडेच नाहीत. बाजारातले गायगर काउंटर संपले होते. सरकारी मोजणी मोजक्या ठिकाणी होत होती आणि तिच्या सरासरीत गल्ल्या हरवत होत्या.

मग त्यांनी स्वतःच मोजायचे ठरवले. एप्रिल २०११ मध्ये गाडीला काउंटर लावून ते फुकुशिमाच्या रस्त्यांवर फिरले. यातूनच 'सेफकास्ट' ही संस्था उभी राहिली. त्यांनी बनवलेल्या यंत्राचे नाव 'बीगायगी': जपानी जेवणाचा डबा 'बेंतो', त्यावरून हे लाडाचे नाव पडले. यंत्र दर पाच सेकंदांनी किरणोत्सर्ग मोजते आणि त्यासोबत ठिकाण व वेळ नोंदवते. पुढे त्याचे सुटे भाग संच म्हणून मिळू लागले. स्वयंसेवक कार्यशाळेत बसून स्वतःच्या हाताने यंत्र जोडतात, गाडीला किंवा सायकलला लावून फिरतात आणि नोंदी पाठवतात. दुसरे स्वयंसेवक त्या तपासतात आणि मगच त्या नकाशावर चढतात. हे सगळे आकडे कुणालाही, कोणत्याही कामासाठी, परवानगीशिवाय वापरता येतात. आजवर जगभरातून दहा कोटींहून अधिक नोंदी जमल्या आहेत.

या नकाशाने दाखवले की एकाच गावात, एकाच रस्त्यावर आकडे दुपटी-चौपटीने बदलतात. वर्तुळाच्या आतल्या काही जागा बाहेरच्या काही जागांपेक्षा कमी दूषित होत्या. 'सेफकास्ट'ने अणुऊर्जेच्या बाजूने किंवा विरोधात भूमिका घ्यायचे जाणीवपूर्वक टाळले. आम्हा चळवळीतल्या लोकांना हे खटकेल. पण त्यामुळेच त्यांचा आकडा 'हे तर विरोधकच' म्हणून कुणाला झटकता आला नाही.

आयांची प्रयोगशाळा

रस्त्यावरचा आकडा ताटातल्या भाताबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी वेगळी, महागडी यंत्रे लागतात. १९ एप्रिल २०११ रोजी सरकारने फुकुशिमातल्या शाळांसाठी वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा लावली. सामान्य माणसासाठीची नेहमीची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. पंतप्रधानांच्या एका तज्ज्ञ सल्लागाराने या मुद्द्यावर राजीनामा दिला. पालक शिक्षण मंत्रालयाच्या दारात जाऊन बसले. अखेर २७ मे रोजी मंत्रालयाला १ मिलिसिव्हर्टचे ध्येय जाहीर करावे लागले.

इवाकी शहरात नोव्हेंबर २०११ मध्ये 'ताराचिने' नावाची प्रयोगशाळा सुरू झाली. चालवणाऱ्या बहुतेक स्थानिक स्त्रिया, आया. विज्ञानाची पदवी नसताना त्या यंत्रे शिकल्या आणि लोकांनी आणलेले तांदूळ, भाज्या, मासे, माती मोजू लागल्या. अशा अनेक प्रयोगशाळा पुढे 'मिन्ना नो डेटा साइट' या नावाने जोडल्या गेल्या. 'मिन्ना नो' म्हणजे सर्वांची. सुमारे ४,००० लोकांच्या मदतीने त्यांनी पूर्व जपानच्या १७ प्रांतांतून ३,४०० हून अधिक ठिकाणची माती ठरलेल्या एकाच पद्धतीने गोळा करून मोजली आणि २०१८ मध्ये तिचा नकाशा पुस्तकरूपाने काढला.

या स्त्रियांची टिंगलही झाली. जपानीत किरणोत्साराला 'होशानो' म्हणतात. त्याच उच्चाराचा दुसरा शब्द तयार करून त्यांना 'डोक्यात किरणोत्सर्ग भरलेल्या' ठरवण्यात आले. बाईने प्रश्न विचारला की ती भित्री आणि अडाणी, अधिकाऱ्याने उत्तर टाळले की ते शास्त्रीय. ज्ञान कुणाचे मानायचे, हे ठरवणारी उतरंड तिथेही आहे.

चांगल्या हेतूलाही मोजावे लागते

फुकुशिमा शहरातल्या जोएन्जी या झेन विहाराचे प्रमुख भिक्खू कोयू आबे यांनी अपघातानंतर सूर्यफुलाचे बी वाटले. सूर्यफूल मातीतले सीझियम शोषून घेते अशी आशा होती. लोकांनी हौसेने पेरले, परिसर पिवळाधमक झाला. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कृषी मंत्रालयाच्या चाचणीचा निष्कर्ष आला: सूर्यफुलाने शोषलेले सीझियम मातीतल्या साठ्याच्या मानाने नगण्य, खरा उपाय वरचा थर खरवडण्याचा. आबे यांचे दुसरे काम मात्र खरोखर उपयोगी पडले. लोकांनी अंगणातून खरवडलेली दूषित माती ठेवायला कुणी जागा देईना, तेव्हा त्यांनी विहाराच्या जमिनीवर ती ठेवून घेतली. करुणेलाही मोजमापाची जोड लागते, हे या एकाच माणसाच्या दोन कामांतून दिसते.

मोजणाऱ्यांनाही शिस्त लागते. दाते शहरातल्या नागरिकांच्या अंगावरील मापकांच्या नोंदींवरून दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. हजारो रहिवाशांची संमती न घेता त्यांची माहिती वापरल्याचे उघड झाले आणि २०२० मध्ये ते निबंध मागे घेतले गेले. वस्तीत सर्वेक्षणाचे कागद घेऊन जाणाऱ्या आम्हा सगळ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. माहिती ज्यांची आहे, तिच्यावर पहिला हक्क त्यांचा.

भीतीचेही मोजमाप हवे. फुकुशिमा प्रांतात घाईचे स्थलांतर, उपचार तुटणे, छावणीतले हाल यांतून झालेल्या मृत्यूंची अधिकृत संख्या २,३०० हून अधिक आहे. त्यांत म्हातारी माणसे सर्वांत जास्त. कुठून तातडीने निघायचे आणि कुठे थांबून नीट व्यवस्था करायची, हे खऱ्या आकड्यांवाचून ठरवता येत नाही.

आकड्याने काय बदलले नाही

जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने जुलै २०१२ मध्ये हा अपघात 'मानवनिर्मित' ठरवला आणि सरकार, नियामक व कंपनी यांच्या साटेलोट्यावर बोट ठेवले. १५.७ मीटरची त्सुनामी येऊ शकते असा हिशेब टेप्कोकडे २००८ मध्येच होता. तरीही जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला भरपाईच्या जबाबदारीतून मोकळे केले आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांची निर्दोष मुक्तता कायम झाली.

भट्टीत उतरणारे मजूरही तेच राहिले. ठेकेदाराखाली ठेकेदार, त्याखाली आणखी ठेकेदार, आणि सर्वांत तळाला रोजंदारीवरचा माणूस. २०११ मध्ये ओसाकाच्या कामागासाकी या मजूर नाक्यावरून एकाला दुसऱ्या प्रांतातले ट्रक चालवायचे काम सांगून फुकुशिमाच्या केंद्रात नेल्याचे उघड झाले होते. आणि विस्थापितांना विटाळही सोसावा लागला. फुकुशिमाहून योकोहामाला आलेल्या एका शाळकरी मुलाला वर्गातली मुले 'जंतू' म्हणत, हे २०१६ मध्ये देशभर गाजले. हिरोशिमा-नागासाकीच्या हिबाकुशांनी लग्नाच्या बाजारात जे भोगले, तेच पुन्हा. स्पर्शाने बाटण्याची कल्पना कोणत्या समाजाला कुठून सुचेल सांगता येत नाही. तिच्याविरुद्ध आकडा हे एक हत्यार आहे, पण ते एकटे पुरत नाही.

आपण काय घ्यायचे

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या, म्हणजे फुकुशिमाच्याच प्रकारातल्या. तिथल्या पुढच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जैतापूरला सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. आपल्याकडे अणुऊर्जेचा कारभार १९६२ च्या कायद्यापासून गोपनीयतेच्या सावलीत वाढला.

आमच्या मते फुकुशिमाकडून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, आधी मोजा. अपघातापूर्वीचा आकडा हाती नसेल, तर नंतर 'वाढले' हे सिद्ध करता येत नाही. दुसरी, एका पद्धतीने मोजा आणि सगळ्यांसाठी खुले ठेवा. दहा गटांचे दहा अहवाल कपाटात पडून राहण्यापेक्षा सर्वांचा एक नकाशा बरा. तिसरी, मोजणे हे सरकारचे काम आपल्या डोक्यावर घेणे होऊ देऊ नका. जपानमध्ये लोकांच्या हाती मापक देऊन 'तुमची काळजी तुम्ही घ्या' असे सुचवण्याचा प्रकारही झाला. आपला आकडा जाब विचारण्यासाठी असतो.

याची सुरुवात अणुभट्टीपासूनच करायला हवी असे नाही. गटारात उतरवलेला सफाई कामगार गुदमरून मरतो, तेव्हा आतला वायू आधी मोजला होता का, हा पहिला प्रश्न असतो. २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत वायू मोजण्याचे उपकरण आहे. ठेकेदाराच्या गाडीत ते असते का? देवनारच्या कचराडेपोशेजारी राहणारी मुले कोणती हवा घेतात? वस्तीतल्या हातपंपाच्या पाण्यात काय आहे? इंजिनिअरिंग, विज्ञान, समाजशास्त्र शिकलेली आपली मुलेमुली आज हजारोंनी आहेत. एका शहरातल्या विहारात महिन्यातून एक रविवार यंत्र जोडायला आणि नोंदी तपासायला मिळाला, तरी पुष्कळ होईल.

सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हा उपदेश आपण कालाम सुत्तावरच्या प्रवचनांत ऐकत आलो आहोत. इवाकीच्या आयांनी तो तराजू आणि मातीचे नमुने घेऊन रोजच्या कामात उतरवला.