संग्रहालय बांधाल हो, पण दिवाबत्तीचं काय?

11 जुलै 2025 ला खांदेरीचं नाव युनेस्कोच्या यादीत लागलं, त्या दिवशी अलिबागच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दिवाळी होती. मीही स्टेटस ठेवलं, खोटं कशाला बोलू. शिवरायांच्या बारा किल्ल्यांत आपल्या जिल्ह्याचे दोन, रायगड आणि खांदेरी. छाती फुगणारच. पण त्यानंतर जिथे जाईन तिथे एकच वाक्य ऐकतोय. नाक्यावर, पत्रकार कक्षात, लग्नाच्या पंगतीत. "आता अलिबागला एक भव्य संग्रहालय झालंच पाहिजे."

माझा याला विरोध आहे. थांबा, शिव्या घालायच्या आधी पुढे वाचा.

संग्रहालयाला विरोध नाही. "भव्य" ला आहे, आणि क्रमाला आहे. आधी जागा, मग भूमिपूजन, मग इमारत, मग उद्घाटन, मग त्यात ठेवायचं काय याची शोधाशोध, आणि सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं की बघायला कोणी येतच नाही. वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. निधी मंजूर झाल्याच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात, चार कॉलमी, फोटोसकट. मंजूर झालेली वास्तू पाच वर्षांनी कशी चाललीय याची बातमी किती वेळा लिहिली? बोटावर मोजण्याइतकी. हा दोष माझाही आहे.

जुन्या लोकांना एक गोष्ट बरोबर कळत होती. देऊळ बांधलं की त्याच्या दिवाबत्तीसाठी जमीन लावून द्यायचे. कळस चढवणाऱ्याचं नाव पाटीवर, पण देव अंधारात राहणार नाही याची सोय त्या जमिनीच्या उत्पन्नात. आपण आता फक्त कळस चढवतो. जिल्हा नियोजनातून इमारतीला पैसे मिळतात, केंद्राची संग्रहालय अनुदान योजना आहे तीही मुख्यतः उभारणीला आणि आधुनिकीकरणाला. रोज सकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाच्या पगाराला पैसे कोण देणार, हा प्रश्न मी बैठकीत विचारला की लोक माझ्याकडे असं बघतात की याला काही सण-समारंभ कळतच नाही.

"तिकिटावर चालेल की! अलिबागला शनिवार-रविवारी किती गर्दी असते!" हे उत्तर ठरलेलं. चला, हिशोब मांडू. समजा एक राखणदार, एक माहिती सांगणारा, एक साफसफाईवाली, वस्तूंची नोंद ठेवणारा एक शिकलेला माणूस. त्यात वीजबिल, किरकोळ दुरुस्ती. अगदी हात आखडून धरला तरी महिन्याला साठ हजार धरा. तिकीट वीस रुपये. म्हणजे महिन्याला तीन हजार माणसं, रोजची शंभर. सोमवारीसुद्धा, परीक्षेच्या दिवसांतसुद्धा, आणि गेटवेच्या बोटी बंद असतात त्या भर पावसाळ्यातसुद्धा. रोरो चालू असते म्हणाल, पण रोरोतून गाडी घेऊन उतरणारा थेट बंगल्यावर जातो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आणि हा हिशोब अजून खाऱ्या हवेचा नाही. समुद्रकाठी लोखंड काय होतं ते दारातल्या ग्रिलला विचारा. कुलाबा किल्ल्यातल्या तोफांकडे बघा. कागदाला वाळवी, लाकडाला भुंगा, कापडाला बुरशी. पुण्यातल्या संग्रहालयाला जितकी निगा पुरते, त्याच्या दुप्पट आपल्याला लागणार. तो खर्च एकदाचा नसतो, जन्मभराचा असतो.

यादीत नाव लागलं म्हणजे पैसा येतो, हाही एक गोड गैरसमज. यादीसोबत मनीऑर्डर येत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं घारापुरी बघा. 1987 साली ते जागतिक वारसा झालं. बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली फेब्रुवारी 2018 मध्ये. मधली एकतीस वर्षं जगभरचे पर्यटक दिवसा लेणी बघून जात होते आणि बेटावरची माणसं संध्याकाळी जनरेटर किती तास चालेल ते बघत होती. पर्यटक गेटवेहून येतो आणि गेटवेलाच परत जातो. वारसा आपला, आणि त्याच्यामागून येणारी कमाई बरीचशी पलीकडच्या काठावर. खांदेरीचंही तसंच करायचं आहे का?

खांदेरीची गोष्ट काय कमी ताकदीची आहे? 1679 ला महाराजांनी त्या खडकावर बांधकाम सुरू केलं, इंग्रजांच्या मुंबईच्या तोंडासमोर. इंग्रज आले, सिद्दी आला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी बेट सोडलं नाही. मोठमोठ्या जहाजांपुढे आपल्या लोकांच्या लहान, चपळ होड्या रात्रीच्या अंधारात रसद पोचवत राहिल्या. पुढच्या वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी धरली आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. हे सगळं थळच्या किनाऱ्यावरून दिसतं. आज थळच्या शाळेतल्या पोराला विचारा मायनाक भंडारी कोण होता. विचारून या, मी थांबतो.

आमच्यातले काही जण म्हणतात, लोकांना इतिहासात रसच नाही. हे साफ खोटं आहे. जुलै 2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा लोक रांगा लावून गेले. आपल्याकडूनही गाड्या करून गेले. लोकांना रस आहे. नावाची वस्तू हवी, तिची गोष्ट सांगणारा हवा, आणि "आत्ता नाही गेलो तर हुकेल" असं वाटायला हवं. काचेच्या कपाटात तीच तीच भांडी वर्षानुवर्षं ठेवून, खाली अर्धवट पुसलेली चिठ्ठी लावून दुसऱ्यांदा कोण येणार? एकदा सहलीला आणलेला मुलगा मोठा होऊन स्वतःच्या पोराला घेऊन परत आला, तर ते संग्रहालय जिवंत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आधी बघणारे जमवा. इमारत नसतानाच.

आपल्याकडे माणसं जमतात कुठे? वरसोलीच्या विठोबाच्या जत्रेत जमतात. चौलला दत्ताच्या जत्रेत जमतात. नारळी पौर्णिमेला प्रत्येक कोळीवाड्यात जमतात. मग आकाशपाळणा आणि मिठाईच्या दुकानांच्या मधे एक मांडव आपला टाका. वर्षाला एकच विषय. एका वर्षी फक्त होड्या: आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतांपासून आजच्या ट्रॉलरपर्यंत, आणि सांगायला कुणी प्राध्यापक नको, साठ वर्षं समुद्रात गेलेला तांडेल बसवा. दुसऱ्या वर्षी चरीचा संप. 1933 पासून जवळपास सहा वर्षं आपल्या खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिले, उपाशी राहिले, लाकडं तोडून विकली पण हटले नाहीत. पुढे कुळकायदा आला त्याच्या मुळाशी ही लढाई आहे. त्या संपात होता अशा घरांतली नातवंडं आज तुमच्या-माझ्याबरोबर एसटीत असतात. त्यांच्या घरातला एक फोटो, एक पावती, एक कोयता मांडवात ठेवा आणि बघा गर्दी होते की नाही. आपल्या आजोबांची वस्तू मांडली आहे म्हटल्यावर अख्खं गाव येतं. पाहुण्यांना घेऊन येतं.

यात मी नवीन काही सांगत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये बसच संग्रहालय केली आणि गावोगाव, शाळाशाळांत नेली. एवढी मोठी संस्था लोकांच्या दारात जाते, आणि आपण अजून लोकांनी आपल्या दारात यावं म्हणून कमान बांधतोय! पुण्याचं केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकरांनी राजवाडे नाही गोळा केले. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातल्या वस्तू, दरवाजे. लोकांच्या घरातलं. आयुष्यभर जमवलं आणि 1975 मध्ये शासनाच्या हवाली केलं. संग्रह आधी, सरकार नंतर. आपण बरोब्बर उलटं मागतोय.

आणि आपल्याकडचा संग्रह दर महिन्याला गाडीत भरून जातोय, हे कुणाच्या लक्षात येतंय का? मध्यंतरी आमच्या ओळखीच्या एका घरात गेलो होतो. पडवीत पूर्वी एक जुनी पेटी असायची, आजोबा गलबतावर नेत ती. पितळी कड्या, आत कप्पे. जागा रिकामी. विचारलं तर काकू म्हणाल्या, "अरे, बंगल्याच्या सजावटीसाठी मागायला आले होते, दोन हजार दिले. नाहीतरी अडगळच होती." त्यांना दोष कसा देऊ? दोन हजार त्यांच्या उपयोगी पडले. तिला अडगळ न म्हणणारं गावात दुसरं कोणी नव्हतं, खरी गोम ती. आज ती पेटी किहीम-आवासकडे कुणाच्या तरी दिवाणखान्यात असेल, वर फुलदाणी ठेवलेली. पेटी तरी कुठेतरी आहे. त्या आजोबांना तोंडपाठ असलेल्या बंदरांची नावं आता कुणालाच माहीत नाहीत.

पैशाकडे येतो, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय पार मोडकळीला आलं होतं. 2003 मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी तिघांत करार केला, 2008 मध्ये ते पुन्हा उघडलं आणि मुंबईतली माणसं वाट वाकडी करून जायला लागली. इमारत सार्वजनिक, पैसा काही खासगी, जाणकारी तिसऱ्याची. तेही नंतर दुरुस्तीसाठी बराच काळ बंद ठेवावं लागलंच. म्हणजे मुंबईतही दिवाबत्ती सुटत नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर नजर टाका. थळला आरसीएफ, उसरला गेल, डोलवीला जेएसडब्ल्यू, उरणला जेएनपीए. 2013 च्या कंपनी कायद्यात सामाजिक जबाबदारीचा जो दोन टक्क्यांचा नियम आहे, त्यात वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. शाळेला बाक, गावाला रुग्णवाहिका हे हवंच, ते कमी करा असं कोण म्हणेल. पण या कामासाठी रीतसर नोंदणी झालेला ट्रस्ट, तीन वर्षांचे तपासलेले हिशोब आणि "आमच्या मांडवाला इतकी माणसं आली" असं दाखवणारी वही घेऊन कंपनीच्या दारात आपल्यापैकी कोण गेलंय? नुसता पुढाऱ्यांच्या लेटरहेडवरचा अर्ज घेऊन गेलं की सतरंज्या मिळतात. वही घेऊन गेलं की दरवर्षीच्या कामाला निधी मागता येतो. त्यातून पगार. हीच आपली दिवाबत्तीची जमीन.

ट्रस्टवर कोण? इथे मी लोकांना दुखावणार आहे. सगळे माजी-आजी पदाधिकारी नकोत. सगळे इतिहासप्रेमीही नकोत, आम्ही एकत्र बसलो की सनावळीवरून भांडतो. मच्छीमार सोसायटीचा माणूस हवा, बचतगटाची बाई हवी, शाळेचे गुरुजी हवेत, इस्रायल आळीचा वारसा सांगू शकेल असं कोणी हवं. नवगावला ज्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, त्या बेने इस्रायलींशिवाय या किनाऱ्याची गोष्ट अर्धी आहे. केरळने मुझिरिस प्रकल्पात हेच केलं. एक अवाढव्य इमारत न बांधता जुनी सिनेगॉग, किल्ले, बाजार ही गावोगावची छोटी संग्रहालयं केली आणि त्यांना बोटीने जोडलं. आपल्याकडे चौल-रेवदंडा आहे, जिथे 1469 मध्ये रशियाचा निकितिन उतरला. कुलाबा आहे, खांदेरी आहे, कोर्लई आहे. बोटीही आहेत आणि बोट चालवणारेही आहेत, ज्यांची मासळी दरवर्षी कमी होतेय.

इमारत मग बांधा. लोक स्वतःच म्हणतील, आता जत्रेतला मांडव पुरत नाही. तेव्हा आमदार-खासदारांच्या मागे लागायला सगळ्यात पुढे मी असेन, आणि भूमिपूजनाची बातमीही मीच लिहीन.

तोवर एक काम. तुमच्या माळ्यावर, पडवीत, खोपटीत काही जुनं असेल, होकायंत्र, मापं, मिठागराची अवजारं, संपाच्या काळातला कागद, जाळ्याची सुई, काहीही, तर ते विकायच्या आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्याबद्दल विचारा आणि ते बोलतील ते रेकॉर्ड करा, पाच मिनिटं पुरे. कमेंटमध्ये टाका, संकोच वाटला तर इनबॉक्स करा. वस्तू तुमच्याकडेच राहू दे, मला नको. वरसोलीच्या येत्या जत्रेत मांडव टाकायला पाच माणसं हवीत, दोन मिळालीत. तिसरं कोण?