टाळ्यांचं भाषण

परवा भाची घरी आली होती. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने विषय घेतला होता, 'विधवा प्रथा : एक सामाजिक कलंक'. "मामा, जरा बघ ना," म्हणून चार पानं हातात दिली. सुरुवात अर्थातच 'सन्माननीय व्यासपीठ'ने, मग एक चारोळी, मग सावित्रीबाई, आगरकर, कर्वे आणि शेवटी 'चला, आज शपथ घेऊया!' सात मिनिटांत बरोब्बर बसणारं. मी छान म्हणालो आणि सहज विचारलं, "हे ऐकून कोणाचं मत बदलेल गं?"

"मत कशाला बदलायला हवं? सगळ्यांना पटतंच की!"

गोम इथेच आहे. मीसुद्धा शाळेत हुंड्यावर बोलून ढाल मिळवली होती. समोर हुंडा घेतलेले कितीतरी जण बसले असतील, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला काही टोचलंच नाही. ज्या भाषणाला कोणीच 'नाही' म्हणू शकत नाही, ते भाषण मन वळवणारं कसं?

आपल्या नाशिक जिल्ह्यातच याचा धडा आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आपल्याला आठवतं ते एकच वाक्य, हिंदू म्हणून मरणार नाही हे. पण त्याआधी त्यांनी हिशेब मांडला होता. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात किती वर्षं गेली, किती कष्ट पडले आणि हातात काय आलं? समोर बसलेल्यांनी हे स्वतः सोसलेलं होतं, त्यामुळे पुढची मागणी आभाळातून पडल्यासारखी वाटली नाही. आणि मागणी सोपी नव्हतीच! सत्याग्रह थांबवा आणि जन्माचा धर्म सोडायची तयारी करा. ऐकणाऱ्याचं खरोखर काहीतरी जाणार होतं. म्हणून ते एकदा सांगून थांबले नाहीत. ३१ मे १९३६ ला मुंबईच्या परिषदेत त्यांनी सविस्तर भाषण केलं. नावाडी प्रवासाआधी जशी तयारी करतो तशी धर्मांतराला लागते, ही उपमा त्यातलीच. प्रत्यक्ष धर्मांतर झालं १४ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे एकवीस वर्षांनी.

आपण काही बाबासाहेब नाही. पण लिहायला बसण्याआधी तीन प्रश्न तर विचारू शकतो. कोणाला सांगायचंय? ऐकलं तर त्याचं काय जाणार आहे? आणि त्याच्याकडे नेमकं काय मागायचंय? 'समाजाने बदलावं' ही मागणी नव्हे, कारण समाज नावाचा माणूस सभागृहात बसलेला नसतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यात काय बंद ते एकेक सांगितलंय. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं. शपथेपेक्षा ही यादी मला मोलाची वाटते.

असो. भाचीला एवढंच म्हणालो, "एकच माणूस डोळ्यांसमोर ठेव आणि त्याच्यासाठी लिही." दुसऱ्या दिवशी ती नवं पान घेऊन आली. पहिलं वाक्य होतं, 'संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी आजी आतल्या खोलीत बसते.'

तिची आजी म्हणजे माझी आई. ते घर माझं. हळदीकुंकू आमच्याकडचं. दरवर्षी टीव्हीचा आवाज बारीक करून ती आत बसते आणि मी बाहेर खुर्च्या मांडतो. बाबा गेल्यापासून एकदाही मी काही बोललो नाही.

भाषणात काही दुरुस्ती सुचली नाही. बायकोशी बोललो, तिची काहीच हरकत नाही. म्हणाली, "मी तर कधीपासून म्हणणार होते." आता आईशी बोलायचं आहे, आणि तीच पहिल्यांदा 'नाही' म्हणेल याची मला खात्री आहे. इतकी वर्षं जे पाळलं त्याचा हिशेब तिच्याकडेही असेलच. तो आधी ऐकून घ्यावा लागेल.

संक्रांतीला अजून वेळ आहे. तयारी करतोय.