दम रक्तात नसतो, सरावात असतो

"वाजवणे त्यांच्या रक्तातच आहे" हे कौतुक नव्हे, जातीचा निवाडा आहे. हलगी जातीने ज्या मातंग समाजाच्या गळ्यात अडकवली, त्याच्या मनगटातला दम जन्माने आलेला नाही. टिपरू आणि काडी तासन्‌तास चालवून तो कमावला आहे.

म्हणूनच न्हावा शेवा परिसरात 14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठी ढोल-ताशाचा सराव करणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे : पहिल्याच दिवशी द्रुत लय धरू नका. आधी दहा मिनिटे संथ लयीत वाजवा. काठी आवळू नका, खांदा व मनगट सैल ठेवा, श्वास रोखू नका. लय आणि वेळ एकाच दिवशी वाढवू नका. हात जमल्यावर ढोल कमरेला बांधून चालत वाजवा. हात दुखू लागला की थांबा. स्नायू विश्रांतीत भरून येतात. पोटभर जेवण हवे, कानांचे रक्षणही हवे.

1989 साली येथे बंदर सुरू झाले. येथल्या माणसाला ओझ्याचा अर्थ शिकवावा लागत नाही. डोक्यावरचे ओझे वाहणाऱ्याचे श्रम 1969 च्या माथाडी कायद्याने मान्य केले. मग कमरेचा ढोल वाजवत मैलभर चालणाऱ्याचे श्रम "हौस" कसे ठरतात? मंडळांनी वादकांशी लेखी ठराव करावा : तास किती, विसावा कधी, बिदागी किती. बाबासाहेबांच्या जयंतीत तरी कुणाचा घाम फुकट घेतला जाऊ नये. सुरुवात आपल्याच मंडळांनी करावी.