औषधाचा भाव करारात ठरतो

बिघडलेल्या टीबीच्या पेशंटना मी अनेक वर्षे इंजेक्शने दिली. रोज एक, कित्येक महिने. कळंबकडचा ऊसतोड करणारा एक भाऊ एकदा म्हणाला, "सिस्टर, कानात सारखी शिट्टी वाजतीय." पुढे त्याला मुकादमाची हाकही ऐकू येईना. टीबी बरा झाला, पण कान गेले.

आज या आजारावर इंजेक्शनाशिवाय गोळ्यांचा उपचार आहे. त्यातली मुख्य गोळी बेडाक्विलिन. तिच्यावरचे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. त्याच औषधाच्या क्षाराचे नवे पेटंट मागून कंपनी आणखी चार वर्षे मक्तेदारी टिकवू पाहत होती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. टीबीच्या उपचारात दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

हे शक्य झाले ते आपल्या पेटंट कायद्यातील कलम ३(ड) मुळे. जुन्या औषधात किरकोळ बदल केला आणि गुण वाढला नाही, तर नवे पेटंट मिळत नाही. त्याच कायद्यात सक्तीच्या परवान्याचीही सोय आहे. २०१२ मध्ये नॅटको कंपनीला असा परवाना मिळाला आणि कर्करोगाच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला.

श्रीमंत देशांना हीच कलमे खुपतात. म्हणून व्यापार कराराच्या वाटाघाटीत त्यांच्या कंपन्यांच्या मागण्या पुढे येतात. त्यातली एक म्हणजे चाचण्यांच्या माहितीवर मक्तेदारी. पहिल्या कंपनीची माहिती ग्राह्य धरून स्वस्त औषधाला परवानगी द्यायची नाही, असा तिचा अर्थ. मग पेटंट नसले तरी स्वस्त गोळी बाजारात येणार नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी देशांशी २०२४ मध्ये झालेल्या करारात भारताने ही अट मान्य केली नाही, हे चांगले झाले. पण २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या ब्रिटनच्या करारात, औषधे मिळवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कंपनीने स्वेच्छेने दिलेला परवाना, असे लिहिले आहे. सक्तीचा परवाना कायद्यात अजून आहे. पण उद्या तो वापरायची वेळ आली, की हेच वाक्य कंपन्या पुढे करतील.

कोणी म्हणेल, टीबीचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, मग आपल्याला काय? फुकट आपल्याला, सरकारला ते विकतच घ्यावे लागते. भाव वाढला की साठा कमी येतो, आणि रांगेत शेवटी उभा असतो तो वस्तीतला माणूस. शिवाय कर्करोगाची चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलेल्या घराला विचारा, दागिने कशासाठी मोडले.

बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानात कलम २१ चा जगण्याचा हक्क आहे. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगते. मग आपल्या आरोग्यावरचा करार बंद दाराआड का ठरावा? मसुदा सहीआधी जाहीर करा, त्याचा गरिबांच्या औषधावर काय परिणाम होईल ते तपासा, संसदेत चर्चा करा, एवढीच मागणी आहे. खासदार वस्तीत येतील तेव्हा रस्ता, गटार मागालच. सोबत हाही प्रश्न विचारा.

आणि घरात कोणाचा टीबीचा उपचार चालू असेल, तर एकही गोळी चुकवू नका.